किशोरवयीन मुलांचं शब्बाथ शिबिर: शुक्रवारी संध्याकाळी नव्हे, गुरुवारी पोहोचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) रविवारच्या हिब्रू वर्गातली 13 ते 17 वयाची 28 मुलं आणि सहा मोठी माणसं नाताळच्या सुट्टीत अलिबागला शिबिरासाठी जाणार आहेत. बेत शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ असा आहे. ताईंनी विचारलंय की कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या, जेवणाची व्यवस्था कशी करायची, आणि मोबाईलशिवाय, टीव्हीशिवाय मुलांना शनिवारभर कसं गुंतवून ठेवायचं. मागच्या शिबिरात शनिवारी दुपारी निम्मी मुलं खोलीत दार लावून फोनवर होती आणि उरलेली ‘घरी कधी जायचं’ विचारत होती, असंही त्यांनी लिहिलंय.

ताई, तुम्ही शनिवारबद्दल विचारलंय, पण माझ्या मते अडचण शुक्रवारात आहे. शब्बाथचे, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र या ज्यू विश्रांतिदिवसाचे, साधारण पंचवीस तास मुलांना कंटाळवाणे वाटतात, कारण ते त्यांच्यावर आयते येऊन पडतात. बसमधून उतरतात, घाईघाईत अंघोळ होते, कोणीतरी दिवे लावतं, कोणीतरी किद्दुश (पेल्यावरची शब्बाथची प्रार्थना) म्हणतं आणि मग ‘आता हे करू नका, ते करू नका’ सुरू होतं. तोच शब्बाथ मुलांनी स्वतः उभा केला असेल, मासे बघून आणले असतील, मनुकांचं सरबत गाळलं असेल, दिव्यांत तेल घातलं असेल, तर शनिवारी तीच मुलं वेगळी वागतात. म्हणून पहिली सूचना अशी की बेत एक दिवस अलीकडे ओढा. गुरुवारी दुपारी निघा, रविवारी दुपारी परत या. रात्री तितक्याच राहतात, पण शुक्रवारचा अख्खा दिवस तुमच्या हातात येतो.

याला एक व्यवहारी कारणही आहे. डिसेंबरच्या शेवटी अलिबागला सूर्य सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी मावळतो. दिवे त्याआधी 18 मिनिटं लावायचे म्हणजे पावणेसहाच्या सुमारास. ठाण्याहून पनवेल, पेणमार्गे सुमारे शंभर किलोमीटर अंतर आहे आणि सुट्टीच्या शुक्रवारी वडखळच्या आसपास दोन-दोन तास जातात. दुपारी मुलं गोळा करून निघालात तर शब्बाथ बसमध्येच सुरू होईल. नेमकी वेळ त्या आठवड्याच्या लुआखमधून (ज्यू दिनदर्शिकेतून) हजानकडूनच (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याकडूनच) लिहून घ्या, मोबाईलवर दिसणाऱ्या मुंबईच्या वेळेवर शेवटच्या मिनिटापर्यंत ताणू नका.

तारखेबद्दलही दोन गोष्टी. 24 डिसेंबर ते 1 जानेवारी या आठवड्यात अलिबागच्या बंगल्यांचं भाडं चढलेलं असतं आणि शेजारच्या रिसॉर्टमध्ये रात्री डीजे असतो. किद्दुशच्या वेळी भिंतीपलीकडून लाउडस्पीकर सुरू झाला की मुलांचं लक्ष परत आणणं कठीण. शाळांच्या परीक्षा आड येत नसतील तर जानेवारीतला दुसरा किंवा तिसरा आठवडा घ्या, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीचा उत्तरार्ध. दुसरं म्हणजे तेवेत या हिब्रू महिन्याच्या दहा तारखेचा उपास याच दिवसांत येतो आणि तो शुक्रवारीही येऊ शकतो. हनुका (दिव्यांचा सण) आली तर उलट चांगलंच, फक्त शुक्रवारी हनुकाचे दिवे आधी आणि शब्बाथचे नंतर लावायचे, हे दिवे लावणाऱ्या मुलांना आधी सांगून ठेवा.

आता जागा. बहुतेक आयोजक समुद्र किती जवळ आहे ते बघतात. तुम्ही आधी कुंपण बघा. शब्बाथला घराबाहेर, रस्त्यावर वस्तू उचलून नेता येत नाही. सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) नाही, पाण्याची बाटली नाही, खिशातली खोलीची किल्लीही नाही. पण चारही बाजूंनी भिंत असलेल्या, राहत्या आवारात वस्तू हलवायला हरकत नसते. म्हणजे पूर्ण कंपाउंड असलेला एकच बंगला मिळाला तर खोली, अंगण, जेवणाची जागा यांच्यात मुलं मोकळी फिरतात. अर्धं कुंपण काटेरी झुडपांचं किंवा एक बाजू सरळ किनाऱ्यावर उघडी असेल, किंवा राहत्या घरामागे भलीमोठी नारळ-सुपारीची वाडी असेल, तर फोटो हजानला दाखवून आधी विचारा. त्याचं उत्तर जागेनुसार बदलतं.

दुसरी अट चालत सिनेगॉगला जाता येण्याची. अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग आहे. गावातच उतरलात तर शनिवारी सकाळी मुलांना चालत नेता येईल, नागाव किंवा किहीमला उतरलात तर नाही. जायचं ठरलं तर तिथल्या मुकादमांशी (सिनेगॉगच्या कारभाऱ्यांशी) महिनाभर आधी बोला आणि सिद्दूर, टोप्या, तल्लेथ (प्रार्थनेच्या शाली) शुक्रवारी दुपारीच तिथे पोहोचते करा, कारण सकाळी हातात काही नेता येणार नाही. हे विसरलं तर तीसेक माणसं मोकळ्या हातांनी सिनेगॉगच्या दारात उभी राहतात. सेफेर तोरा (धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) मात्र शिबिराला घेऊन जाऊ नका. सिनेगॉगला जाणं जमत नसेल तर छापील तोरामधून त्या आठवड्याची पाराशा (ठरलेला भाग) वाचा, ते पुरेसं आहे.

मिनियानचा, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या किमान संख्येचा, हिशोब घरीच करा. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे बार मिझवा झालेले दहा पुरुष लागतात. 28 मुलांत तेरा पूर्ण झालेले मुलगे किती, हे यादीवरून काढा. इथे एक नाजूक बाब आहे आणि ती टाळता येत नाही. हल्ली काही मुलांची आई ज्यू नसते, आणि परंपरेने ज्यूपण आईकडून धरतात. अशा मुलाला मिनियानमध्ये धरायचं का, पुढे बोलवायचं का, याचं उत्तर हजान देतील आणि ते कुटुंबानुसार वेगळं असू शकतं. पण तो निर्णय शिबिराच्या दोन आठवडे आधी घेतला जावा आणि त्या मुलाच्या आईवडिलांशी खासगीत बोलणं व्हावं. सगळ्यांसमोर मोजताना कोणीतरी ‘तू नको’ म्हणालं, तर पंधरा वर्षांचं पोर ते आयुष्यभर विसरत नाही आणि पुन्हा सिनेगॉगची पायरी चढत नाही. त्या मुलाला दुसरं खरं काम द्या. हवदालाची (शब्बाथ संपतानाच्या विधीची) मेणबत्ती धरणं, मलिद्याचं (गोड पोहे आणि फळांचं) ताट सांभाळणं ही सगळ्यांच्या नजरेसमोरची, मानाची कामं आहेत.

स्वयंपाकघराकडे वळू, कारण पैसे आणि मनस्ताप दोन्ही तिथेच जातात.

माझा सल्ला असा की पूर्ण शिबिर मांसाशिवाय ठेवा. कोशेर कोंबडी मुंबईहून बर्फात आणता येते, पण मग मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी, चमचे वेगळे, धुण्याची जागा वेगळी, आणि शुक्रवारी रात्री कोंबडी खाल्ली की सहा तास दुधाचा चहा बंद. चहा बंद झाला की मोठी माणसंच आधी चिडचिड करतात. मासे, अंडी, कडधान्य, भाज्या यांवर तीन दिवस उत्तम निघतात. आणि आपल्या स्वयंपाकात नारळाचं दूध इतकं मुरलेलं आहे की गाईच्या दुधाची उणीव भासत नाही.

भांडी बंगल्याची वापरू नका. त्यांत काय शिजलंय ते आपल्याला माहीत नसतं आणि ती कोशेर करण्यात अख्खा दिवस जाईल. प्रत्येक सिनेगॉगकडे कार्याची भांडी असतात, ती मागा. चौतीस माणसांसाठी वीस लिटरची दोन पातेली, दहा लिटरचं एक, दोन मोठे तवे, एक परात, चार सुऱ्या, डाव, झारे आणि दोन खवण्या एवढं पुरतं. ताटांऐवजी सुपारीच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण घ्या. शेगडीच्या जाळ्या घासून रिकाम्याच मोठ्या आचेवर लाल होईपर्यंत तापवा, ओट्यावर जाड फॉइल पसरा. एखादं धातूचं किंवा काचेचं भांडं नवीन घ्यावं लागलं तर ते वापरण्याआधी मिकवेत (विधीसाठीच्या शुद्ध पाण्यात) बुडवावं लागतं, आणि त्यासाठी समुद्र चालतो. शुक्रवारी सकाळी हे काम मुलांना द्या. किमतीचं लेबल आणि त्याखालचा चिकट गोंद आदल्या रात्री तेल लावून पूर्ण काढा, नाहीतर पाणी तिथे पोहोचत नाही. हात ओला करून भांडं सैल धरायचं, बेराखा (आशीर्वचन) म्हणायची आणि भांडं एकाच वेळी सगळं पाण्याखाली जाईल असं बुडवायचं. पालथं घातलं तर आत हवा अडकते, म्हणून तिरकं घालायचं. हे काम मुलं उत्साहाने करतात, पुस्तकातली गोष्ट हातांनी करायला मिळते म्हणून.

बंगल्याचा स्वयंपाकी असेल तर तो असू दे, पण शेगडी प्रत्येक वेळी आपल्यापैकी कोणीतरी पेटवायची आणि घरात आपला एक माणूस कायम हवा. त्याच्या घरचा डबा, त्याचा सुऱ्या-पाट आपल्या ओट्यावर येणार नाही हे पहिल्याच दिवशी गोडीत सांगा. पालेभाजी आणि फ्लॉवर टाळा. अळ्या शोधण्यात दोन माणसं अडकतात. दुधी, बटाटा, गाजर, भोपळा, फरसबी सोपी. फोडून वापरायचं प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकायचं. हे काम तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना दिलं तर ती इतकी बारकाईने करतात की आपल्याला बघावं लागत नाही.

मासे शुक्रवारी सकाळी अलिबागच्या बाजारातून आणा, आणि चार मुलांना बरोबर घ्या. पर आणि खवले दोन्ही असलेला मासाच चालतो, हे वर्गात सांगून जे होत नाही ते टोपलीसमोर पाच मिनिटांत होतं. पापलेट, रावस, बांगडा चालतात. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, माकूल, मोरी नाही. शिकवायला रावस उत्तम, खवले मोठे असतात आणि नखाने सुटतात. मासा अख्खाच घ्या, खवले समोर काढून घ्या, आणि सुरी तुमची द्या, कारण कोळिणीच्या कोयत्यावर आत्ताच कोळंबी साफ झालेली असते. चौतीस जणांना रश्श्यासाठी साफ केलेले पाच किलो तुकडे, म्हणजे अख्खे सुमारे सात किलो मासे लागतील. नारळ आठ. मासे न खाणारी दोन-चार मुलं असतातच, त्यांच्यासाठी त्याच नारळाच्या रश्श्यात बटाटा-अंडी वेगळ्या पातेल्यात.

किद्दुशसाठी बेने इस्राएलांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, पद्धतच किशोरवयीन मुलांना सोयीची आहे. दारूची भानगड नको, काळ्या मनुकांचं सरबत करायचं. एक किलो मनुकांना तीन लिटर पाणी. गुरुवारी रात्री भिजत घाला, शुक्रवारी दुपारी हातांनी चांगलं कुस्करून, पिळून फडक्यातून गाळा. नुसतं भिजवलेलं पाणी ओतून घेतलं तर सरबत पाणचट होतं आणि किद्दुशला चालेल का अशी शंका येते. पिळणं महत्त्वाचं. मनुका बिनतेलाच्या घ्या, चकचकीत दिसणाऱ्यांना तेलाचा हात असतो आणि सरबतावर तवंग येतो. गाळल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, गरम हवेत ते संध्याकाळपर्यंत फसफसायला लागतं. रात्रीचं किद्दुश, सकाळचं किद्दुश आणि हवदाला मिळून एवढं पुरतं. हमोत्सीसाठी (भाकरीवरच्या आशीर्वचनासाठी) दोन अख्ख्या चपात्या झाकून ठेवल्या तरी चालतात, ‘हल्ला’ नावाचा शब्बाथचा पावच हवा असं नाही. बाजारचा पाव मात्र टाळा, त्यात कोणती चरबी आहे ते बेकरीवाला नीट सांगत नाही.

आता शनिवारचं दुपारचं जेवण. इथेच बहुतेक शिबिरं फसतात. शब्बाथला शिजवता येत नाही, म्हणून शुक्रवारी केलेली नारळाची आमटीच दुसऱ्या दिवशी वाढायची असं ठरतं. नारळाचं दूध रात्रभर कोमट राहिलं की आंबतं, मंद आचेवर राहिलं की फाटतं. दोन्हीकडून नुकसान. भातही रात्रभर कोमट ठेवू नका, पोटं बिघडतात. रात्रभर आचेवर राहून जे सुधारतं तेच करा. अख्खा मसूर दोन किलोला थोडा कमी, सोलून मोठे तुकडे केलेले बटाटे तीन किलो, कांदा, लसूण, गरम मसाला, भरपूर पाणी आणि वर धुतलेली चाळीस अंडी कवचासकट. नारळ नाही, टोमॅटोही कमी. शुक्रवारी साडेतीनला चढवा, पाचपर्यंत मसूर खाण्याजोगा शिजलेला हवा आणि पाणी त्याच्या वर चार बोटं हवं. मग सगळ्यांत लहान बर्नर मंद करून त्यावर जाड लोखंडी पत्रा ठेवायचा, पत्र्यावर पातेलं, घट्ट झाकण, आणि त्यानंतर कोणी ढवळायचं नाही, पाणी घालायचं नाही. शनिवारी दुपारी मसूर लोण्यासारखा मऊ होतो आणि अंडी आतून तपकिरी. सोबत शुक्रवारच्या चपात्या (शंभर चपात्यांना साडेतीन किलो कणीक, कणकेत तेल जरा जास्त, फडक्यात गुंडाळून डब्यात) आणि आयत्या वेळी चिरलेली काकडीची कोशिंबीर.

पत्र्याबद्दल दोन ताकिदी. पत्रा जस्ताचा मुलामा असलेला नको, तापल्यावर त्याची वाफ विषारी असते. साधा लोखंडी किंवा जाड अॅल्युमिनियमचा घ्या. आणि ज्योत पेटती राहणार म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, भरलेलं सिलिंडर हवं, आणि रात्री एका मोठ्या माणसाने दोनदा उठून बघायला हवं. वाऱ्याने ज्योत विझली तर गॅस ताबडतोब बंद करायचा. जिवाला धोका असेल तिथे शब्बाथ आडवा येत नाही, हे मुलांसमोर स्पष्ट सांगा. मसूर थंड खाऊ.

चहाची सोय अशी करा. शुक्रवारी पाच वाजता दुधाचा चहा करून मोठ्या थर्मासमध्ये भरा, तो त्याच रात्री संपवा. शनिवारी सकाळसाठी वेगळ्या थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि बाटलीत कडक कोरा अर्क करून ठेवा. पाणी पेल्यात ओतायचं, वरून अर्क आणि साखर. मुलांना थंड दूध-कोको.

शुक्रवारची दुपार मी तासांत बांधत नाही, गटांत बांधते. सात-सात मुलांचे चार गट, प्रत्येकावर एक अठरा-वीस वर्षांचा मद्रिख (गटाचा मार्गदर्शक). एक गट मासे आणि मसूर, एक सरबत आणि चपात्या, एक दिवे-खोल्या-स्विच, एक गाणी आणि प्रार्थना. चौथ्या गटाने दुपारीच ठरवायचं की शमा (ज्यूंची मुख्य प्रार्थना) कोण म्हणणार, किद्दुश कोण, कुठली गाणी कुठल्या चालीवर. आवाज न लागणाऱ्या मुलाला एकट्याने म्हणायला लावू नका, दोघांना द्या.

दिव्यांच्या गटाचं काम सगळ्यांत चुकतं. शब्बाथला स्विच दाबायचा नसतो, म्हणून ते आधीच करावं लागतं. कोणते दिवे रात्रभर सुरू राहणार, कोणते बंद, हे खोलीनिहाय कागदावर लिहा आणि प्रत्येक स्विचवर चिकटपट्टी लावा. संडास-बाथरूमचे दिवे सुरू. पंखे सुरू. गिझर बंद. फ्रिजमधला बल्ब काढून ठेवा. आवारात आपोआप लागणारे सेन्सरचे दिवे असतात, ते मालकाकडून बंद करून घ्या. चिकटपट्टी नसेल तर रात्री अकराला पेंगुळलेला हात सवयीने स्विचकडे जातो आणि अख्खी खोली सकाळपर्यंत अंधारात. दिवे लावण्यासाठी पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये बोटभर वाळू घाला. त्यावर काचेचे पेले, अर्धं पाणी, वर दोन बोटं खोबरेल, त्यात वात. अंगणात नको, वारा असतो, आणि पडद्याजवळ तर नकोच.

मोबाईल. साडेचारला बंद करून, नाव लिहिलेल्या पिशवीत, एका कपाटात. ही अट शिबिराच्या फॉर्मवर मुलगा आणि पालक दोघांच्या सहीने आधीच घ्या. गेटवर उतरल्यावर नवीन नियम सांगितला की भांडण होतं आणि त्यात तुम्ही हरता. मोठ्यांचे फोनही त्याच कपाटात जायला हवेत. मुलांना सगळ्यांत जास्त झोंबतं ते सरांच्या खिशातून येणारं कंपन. एकच फोन चालू, एका जबाबदार माणसाकडे, केवळ अडचणीसाठी, आणि तो नंबर सगळ्या पालकांकडे. शुक्रवारी चारला पालकांना ‘सगळे सुखरूप, आता उद्या रात्री आठनंतर बोलू’ असा निरोप जाऊ द्या. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, तिथे जायला लागलं तर गाडी काढायची, एक क्षणही विचार करायचा नाही.

सुरक्षेचं थोडक्यात सांगते. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर आपण सगळेच सावध आहोत. बसवर फलक लावू नका, शिबिर चालू असताना जागेचे फोटो टाकू नका, पोलीस ठाण्यात एक अर्ज देऊन ठेवा.

शनिवारी सकाळ प्रार्थनेत आणि जेवणात सहज जाते. कसोटी दोन ते पाच या वेळेची. दोन ते साडेतीन झोपू द्या. खरंच झोपू द्या. आठवडाभर क्लास आणि शाळा करणारी मुलं आहेत, ‘कार्यक्रम’ म्हणून उठवू नका. साडेतीननंतर चिठ्ठ्यांची पेटी उघडा. शब्बाथला लिहिता येत नाही, म्हणून चिठ्ठ्या शुक्रवारी दुपारीच, नाव न घालता, लिहून घ्यायच्या. विषय देऊ नका, फक्त सांगा की जे घरी किंवा हजानना विचारायला संकोच वाटतो ते लिहा. येणारे प्रश्न ठरलेले असतात. वर्गात मी एकटाच ज्यू आहे, मित्रांना काय सांगू? शनिवारी परीक्षा आली तर? सगळे चुलत भाऊ इस्राएलला गेले, आम्ही का नाही? मी ज्यू नसलेल्या मुलाशी लग्न केलं तर? उत्तर देण्याची घाई करू नका. आधी मुलांना आपापसात बोलू द्या, मोठ्यांनी वीस मिनिटं गप्प बसायचं, हे मद्रिखांकडून आधी कबूल करून घ्या. अलियाच्या (इस्राएलला स्थायिक होण्याच्या) प्रश्नावर बाजू घेऊ नका, गेलेल्यांची आणि राहिलेल्यांची कारणं दोन्ही मांडा. या मुलांना इतर सगळीकडे ‘यहुदी म्हणजे काय’ हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. इथे ते लागत नाही, आणि म्हणूनच इथे ती पुढचे प्रश्न विचारू शकतात. माझ्या मते पूर्ण शिबिरात हा दीड तास सगळ्यांत मोलाचा असतो.

त्यानंतर आडनावांचा खेळ. जमिनीवर जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आताच्या रायगडचा मोठा नकाशा, शुक्रवारीच तयार केलेला. नवगावकर नवगाववर उभा राहतो, किहीमकर किहीमवर, झिराडकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर आपापल्या गावावर. मुंबई-ठाण्यात वाढलेल्या मुलांना आपलं गाव इथून काही किलोमीटरवर आहे हे त्या क्षणी कळतं. मग शनिवार तेलींची गोष्ट सांगा. हे लोक घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. धर्मग्रंथ हाताशी नव्हते, तरी शब्बाथ, शमा, सुंता आणि खाण्याचे नियम टिकले. शेजाऱ्यांनी त्यांना ओळखलं ते एका बंद ठेवलेल्या दिवसावरून. आदल्या दिवसापासून फोन बंद ठेवलेल्या मुलांना हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

तीन तारे दिसले, साधारण पावणेसात ते सातच्या दरम्यान, की हवदाला. सुगंधासाठी लवंग-वेलची पुरे. मलिद्याची तयारी मात्र हवदाला झाल्यावरच सुरू करायची. शब्बाथमध्ये पुढच्या दिवसाची तयारी करता येत नाही, म्हणून पोहे आधी भिजवून ठेवणं, नारळ आधी खवणं चालणार नाही. पोहे दोन किलो, नारळ सहा, साखर पाऊण किलो, वेलची, बदाम-पिस्ते, वर खजूर, केळी, सफरचंद आणि हंगामातलं आणखी काही. पोहे जाड घ्या, चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्या. पातळ पोह्यांचा लगदा होतो. दोन खवण्यांवर सहा नारळांना अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर बाकीच्यांनी अंगणात शेकोटी पेटवावी. शेकोटीला बाजारचे मार्शमेलो आणू नका, त्यात जिलेटिन असतं. रताळी भाजा. मग एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) गाणं, ताटातल्या प्रत्येक फळाची बेराखा वेगळ्या मुलाने. झाडाचं फळ कोणतं, जमिनीचं कोणतं, केळं कशात धरायचं, यावर वाद होऊ द्या.

रविवारी सकाळी नवगाव. परंपरा सांगते की जहाज फुटून वाचलेली सात जोडपी इथे किनाऱ्याला लागली आणि बुडालेल्यांना इथेच पुरलं. तिथे स्मारक आणि कबरस्तान आहे. बेने इस्राएलांत परंपरेने कोहेन (पुरोहित) घराणी नाहीत, पण तुमच्या वर्गात बगदादी किंवा कोचीनचं एखादं कोहेन कुटुंब असेल तर त्या मुलाने कबरस्तानात जायचं नसतं. त्याच्यासोबत बाहेर थांबायला एक मित्र आणि एक मद्रिख आधीच ठरवा. बाहेर पडताना हात धुवायला पाण्याचा कॅन आणि तांब्या गाडीत हवा. कुलाबा किल्ल्यावर जायचं असेल तर ओहोटीची वेळ आदल्या दिवशी स्थानिकांकडून विचारून घ्या. ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गुरुवारी बघितलेली वेळ रविवारी चालत नाही. पाणी उतरत असतानाच जायचं, चढायला लागण्याआधी परत. दोन्ही एका सकाळी जमत नसेल तर किल्ला सोडा, नवगाव नको.

बारापर्यंत जेवून एकला बस सुटायला हवी, नंतर वडखळला परतीची गर्दी लागते. मुलांना फोन मात्र बसमध्ये बसल्यावर लगेच देऊ नका. आधी पेणपर्यंत एक कागद फिरवा, त्यावर प्रत्येकाने पुढच्या वेळी आपल्याला कोणतं काम हवं ते लिहायचं. पुढच्या शिबिराची कामाची यादी त्यातून तयार होते, आणि यातलं कोण दोन वर्षांनी मद्रिख होऊ शकेल हेही कळतं. तुमच्याकडे तेरा पूर्ण झालेले मुलगे किती आणि बंगला कुठे बघताय ते कळवलंत, तर सिनेगॉगला चालत जाण्याचं आणि मिनियानचं गणित नेमकं सांगता येईल.